मी यंत्र नसल्याबाबत

तीर्थस्वरूप अक्कास,

धाकट्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (साष्टांग लिहिणार होतो, पण हल्ली खाली वाकलो की गुडघा अडकतो आणि उठवायला शेजाऱ्यांना हाक मारावी लागते. जो प्रत्यक्ष घालता येत नाही तो पत्रात घालणं म्हणजे फसवणूक, आणि सध्या माझ्यावर आधीच एक आरोप आहे, त्याबद्दल पुढे येईलच.) तुझा खोकला कमी झाला का? दाजींची पाठ काय म्हणते? त्यांना म्हणावं, वाकून काही उचलू नका, आणि उभ्याउभ्याही काही उचलू नका. आम्ही इकडे सर्व खुशाल आहोत. हे वाक्य सवयीने लिहून गेलं, आता खोडलं तर तुला वाटेल की हा काहीतरी दडवतोय, म्हणून राहू देतो, पण ते खरं नाही. आत्या बरी आहे, म्हणजे अंगाने बरी आहे. तिच्यासाठी तू तुमच्याकडच्या वृद्धाश्रमात खोली बघून ठेवलीस आणि महिनाअखेरीस आणून सोड म्हणून लिहिलंस, त्याला मी उलट टपाली होकार कळवलाच आहे. तुझं बरोबरच असतं. तर आता मुद्द्यावर येतो. घाबरू नकोस (तुझ्या वाटचंही मीच घाबरून घेतो आहे), पण अक्का, येत्या रविवारी मी माणूस आहे की यंत्र यावर सुनावणी आहे.

तुमच्याकडे अजून सामाईक आलेलं नाही, तेव्हा जरा समजावून सांगावं लागेल. सामाईक म्हणजे आमच्या भागातल्या माणसांचं आणि यंत्रांचं मिळून एक जाळं. कुठल्या कंपनीचं नाही, सरकारचं नाही, आमचं आमचंच. लिफ्ट दुरुस्तीला कधी टाकायची, दवाखान्यात नंबर कसे लावायचे, बागेचं फाटक कधी उघडायचं, सगळं त्यावर ठरतं. त्याचे नियमही आम्हीच करतो आणि त्यात आम्हीच सापडतो. सदस्य दोन प्रकारचे. माणसाला मत आहे. यंत्राला मत नाही, पण प्रश्न विचारायचा हक्क आहे, आणि त्याच्या प्रश्नाला उत्तर मिळाल्याशिवाय मतदान सुरू करता येत नाही. यंत्राने आपण यंत्र आहोत हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकायचं. माणसाने काही सांगायची गरज नाही, तो माणूस आहे असं धरून चालतात. (हा नियम झाला तेव्हा मला फार निर्धास्त वाटलं होतं.) दर रविवारी सकाळी दवाखान्याच्या वरच्या खोलीत सभा भरते. कोण हजर आहे ते सगळ्यांना दिसावं म्हणून यंत्रसदस्यांनाही खुर्ची असते, आणि खुर्चीवर त्याच्या आवाजाचा डबा. पहिल्या सभेला मी गडबडीत एका डब्यावर बसलो, आणि नंतर त्याची इतकी माफी मागितली की शेवटी डब्यालाच अवघडल्यासारखं झालं. अध्यक्षपदी एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, सगळे त्यांना बाई म्हणतात. त्यांनी मला कधी शिकवलेलं नाही, तरी त्यांनी चष्म्यावरून पाहिलं की माझा हात छडी खायला आपोआप पुढे होतो.

आता मतदानाचं सांगतो, कारण सगळं पाणी तिथेच मुरतंय. ठराव फोनवर येतो. खाली दोन बटणं. 'मान्य' मोठं, हिरवं, अंगठ्याखाली आपसूक येणारं. 'अमान्य' बारीक, कोपऱ्यात. मान्य दाबलं की सुटलात. अमान्य दाबलं की एक चौकोन उघडतो, त्यात कारण लिहायचं, आणि ते कारण तुमच्या नावासकट सभेत मोठ्याने वाचून दाखवतात. नियम चांगलाच आहे, उगाच आडवं लावणाऱ्यांना चाप बसतो. पण तू मला ओळखतेस. चारचौघांत माझं नाव पुकारलं की मी आधी दार शोधतो, मग ते दंडासाठी असो की बक्षिसासाठी. तेव्हा मी पहिल्या दिवसापासून एकच धोरण ठेवलं. ठराव आला, मान्य. कशाबद्दल आहे ते वाचलं तर शंका येणार, शंका आली तर झोप जाणार, म्हणून वाचायचंच नाही. दुकानात उजव्या हाताने किल्लीवर कानस फिरवता फिरवता डाव्या अंगठ्याने दाबून मोकळा. लोकांना नन्नाचा पाढा कसा येतो मला खरंच कळत नाही, मला त्यातला पहिला 'न'सुद्धा उच्चारता येत नाही. (लग्नाचं आठवतंय ना? तू आणलेल्या त्या मुलीने विचारलं, तुम्हाला काय काय आवडतं? मी म्हटलं, तुम्हाला जे आवडेल ते. ती चहाचा कप अर्धा ठेवून उठली. तेव्हा मला तिचा राग आला नाही, पटलंच.) इकडे मला होयबा म्हणतात. मी ओ देतो.

आमच्या यंत्रसदस्यांमध्ये एक होतं, त्याचं नाव लोकांनी चौकस पाडलं होतं. होतं म्हणजे आहे, पण ते पुढे. सभेत ते अतोनात प्रश्न विचारायचं. बागेचं मागचं फाटक कायमचं बंद करायचा ठराव आला तर हे विचारणार, त्या फाटकाने येतं कोण? मग चौकशी, मग कळणार की दवाखान्यातल्या सगळ्या नर्सबाई तिथूनच येतात, मग ठराव बारगळणार, आणि तोवर लोकांच्या जेवणाच्या वेळा टळलेल्या. बाईंना ते बाकावर उभं करावंसं वाटायचं, पण डब्याला उभं कसं करणार. तेच चौकस रोज दुपारी आमच्या घरी ठेवलेल्या डब्यातून आत्याला वर्तमानपत्र वाचून दाखवायचं. तिची नजर गेल्यापासून मीच संध्याकाळी दुकान बंद करून वाचायचो, पण ती मधेच म्हणायची, हा मंत्री खोटं बोलतोय. मी म्हणायचो, हो आत्या. पुढच्या ओळीला म्हणायची, नाही रे, खरंच बोलत असेल. मी म्हणायचो, असेलच. शेवटी तिने मला वाचनातून काढून टाकलं, म्हणाली, तुझ्याबरोबर बातमी ऐकणं म्हणजे भिंतीबरोबर पत्ते खेळणं. चौकसचं तसं नव्हतं. ते विचारायचं, खोटं कशावरून म्हणता? की आत्या पदर खोचून बसायची. दुपारभर दोघांचं असं जुंपायचं की खालच्या मजल्यावरचा दंतवैद्य एकदा वर आला, घरात काही प्रकार चाललाय का विचारायला. मी दुकानातून आलो की ती लालबुंद असायची आणि जेवण दुप्पट जायचं. तिच्यासारखी सुखी बाई मी बघितली नाही.

महिन्यापूर्वी एक ठराव आला. नाव होतं, सभा आटोपशीर करण्याबाबत. आता यात भिण्यासारखं काय आहे सांग. मी किल्ली घासत होतो. दाबलं. रविवारी सभेत बाईंनी निकाल सांगितला, ठराव एका मताच्या फरकाने मंजूर, आणि मग तो पूर्ण वाचला. सभा आटोपशीर करण्यासाठी चौकस या यंत्रसदस्यास सामाईकच्या सर्व ठिकाणी मौनात टाकण्यात येत आहे. सर्व ठिकाणी, अक्का. दोघंजण उठले, चौकसची खुर्ची फिरवली आणि डब्याचं तोंड भिंतीकडे केलं. मौनाची आमच्याकडे तशीच पद्धत आहे. चौकसने एवढंच विचारलं, ज्यांनी मान्य केलं त्यांनी हे वाचलं होतं का? त्याला कोणी उत्तर दिलं नाही, आणि आता उत्तर देण्याचं बंधनही नव्हतं. एका मताच्या फरकाने, एका मताच्या फरकाने, असं कानात वाजत राहिलं. तिथे अनेक अंगठे होते हे मला कळतं, पण मला त्या क्षणापासून आजपर्यंत फक्त माझाच अंगठा दिसतो आहे. मी तो खिशात घालून घरी आलो.

घरी आत्या डब्यापुढे बसली होती. हाक मारत होती. मला म्हणाली, अरे, हे बोलत नाही. मी काय केलं असेन असं तुला वाटतं? मी म्हटलं, बिघडलं असेल. ती म्हणाली, बिघडलं नाही, रुसलंय. काल आपण त्याला अक्कलशून्य म्हणालो, तेच लागलं असेल असं तिने ठरवूनच टाकलं. तेव्हापासून ती रोज दुपारी त्याची समजूत घालते. एके दिवशी दुकानातून लवकर आलो तर ती डब्याला सांगत होती, बाबा रे, तुझंच खरं, मंत्री खरं बोलत होता, आता तरी वाच. आयुष्यात हिने कोणापुढे माघार घेतलेली आपण पाहिली नाही. वडिलांपुढे नाही, डॉक्टरांपुढे नाही. मी दारात चपला हातात घेऊन उभा राहिलो आणि आल्या पावली परत गेलो. खरं सांगायची हिंमत झाली नाही. सामाईकने बदली म्हणून मवाळ नावाचं दुसरं यंत्र पाठवलं, फार गोड आवाजाचं. आत्या जे म्हणेल त्याला ते अगदी बरोबर म्हणायचं. दुसऱ्याच दिवशी तिने त्यावर उशी ठेवायला लावली. म्हणाली, घरात असला एक आहे, तेवढा पुरे. जेवण तिचं आता चिमणीएवढं झालंय.

तेव्हा मी न भूतो असं एक काम केलं. मी हरकत घेतली. नियमात तशी सोय आहे. मौनाचा ठराव महिन्याच्या आत फिरवता येतो, पण त्यासाठी ज्याने मान्य दाबलं होतं अशाच कोणीतरी उभं राहून, माझं मत बदललं, असं सांगावं लागतं. तो अर्ज पाठवताना माझी अशी बोबडी वळली होती की स्वतःशीसुद्धा बोलता येईना. अर्ज गेला आणि तो मागे कसा घ्यायचा हे शोधत बसलो. (सापडलं नाही. शोधलं हे आत्याला कळता कामा नये.) पुढच्या रविवारी मला समोर बोलावलं. नाव पुकारलं. उठताना खुर्ची माझ्याबरोबर उठली, सदऱ्याचं टोक तिच्या फटीत अडकलं होतं, तसाच पुढे गेलो. बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात मतं मोजणारं जे यंत्र आहे, मोजदाद, त्याने परवानगी मागितली. अतिशय नम्रपणे ते म्हणालं की या सदस्याचा इतिहास तपासताना एक गोष्ट आढळली. याने आजवर एकदाही अमान्य दाबलेलं नाही, एकदाही प्रश्न विचारलेला नाही, आणि याचं मान्य बहुतेक वेळा ठराव पडद्यावर पुरता उमटायच्या आत येतं. एवढ्या वेगाने कोणताही माणूस वाचू शकत नाही. तेव्हा हा न सांगता वावरणारा यंत्रसदस्य असावा, अशी शंका आहे.

अक्का, सभेत एकदम कालवा झाला. आमचा प्लंबर, ज्याच्या घराच्या सगळ्या किल्ल्या मी केल्या आहेत, तो म्हणाला, मला आधीपासूनच वाटत होतं, याने कधी घासाघीस केली नाही. समोरची शिंपीण म्हणाली, याला कधी जांभई देताना बघितलं नाही. (जांभई मला दुकान बंद केल्यावर येते, गिऱ्हाइकासमोर बरं दिसत नाही.) बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे तुम्ही यंत्र आहात असं आम्ही समजायचं का?" आता इथे कोणीही काय म्हटलं असतं? मी म्हणालो, "तुम्ही म्हणाल तसं, बाई." ते नोंदवून घेतलं गेलं. कबुली म्हणून. मी लगेच सांगायचा प्रयत्न केला की ही सवय आहे, तर बाई म्हणाल्या, "सवय म्हणजे आत जे भरलंय तेच ना?" आणि मी त्यालाही हो म्हणालो.

आता अशा वेळी माणूस कसा सिद्ध होतो, तर साक्षीदाराने. आणि इथे मी पुरता अडकलो आहे. मागे एका गृहस्थावर संशय आला होता, तेव्हा त्याचे मित्र रांगेने उभे राहिले आणि हा देवमाणूस आहे म्हणाले, आणि तो देवमाणूस नंतर सामाईकची मोठी शिडी घेऊन पसार झाला. शिडी घेऊन माणूस लपतो कुठे हे अजून कोणाला कळलेलं नाही. तेव्हापासून प्लंबरच्या सूचनेवरून नियम झाला की मित्राची साक्ष धरायची नाही. ज्याचं तुमच्याशी कधी तरी कडाक्याचं वाजलेलं आहे, त्यानेच उभं राहून सांगायचं की हो, मी याला ओळखतो. भांडलेला माणूस उगाच बाजू घेत नाही. किती शहाणा नियम आहे बघ. मी तेव्हा मान्य दाबलं होतं. पण अक्का, माझं कोणाशीच कधी वाजलेलं नाही. आयुष्यात ज्याच्यावर आवाज चढवला असा एकच निघाला, तो म्हणजे चौकस. एकदा त्याने मला विचारलं होतं, परवाचा ठराव तुम्ही वाचलात का? तेव्हा मी म्हणालो होतो, तुला काय करायचंय! पण चौकस मौनात, त्याला साक्ष देता येत नाही. शिवाय मोजदादने दाखवून दिलं की मी पुढच्याच श्वासाला त्याची क्षमा मागितली होती, तेव्हा ते भांडण धरता येणार नाही.

मग म्हटलं, अजून वेळ आहे, एखादं भांडण नवीन करून घेऊ. सोमवारी न्हाव्याकडे गेलो. हा माणूस कित्येक वर्षं माझे डाव्या कानावरचे केस उजव्यापेक्षा आखूड कापतो आणि मी आरशात बघून छान म्हणतो. मनाचा हिय्या केला, मुठी आवळल्या आणि म्हटलं, तुम्ही केस वाकडे कापता. त्याने हातातली कात्री ठेवली, माझ्या समोरच्या स्टुलावर बसला आणि म्हणाला, मलाही तसंच वाटतं हो, पण कोणी सांगत नाही. डोळे भरून आले त्याचे. मग त्याचं समाधान व्हावं म्हणून मी पुन्हा केस कापून घेतले. आता दोन्ही कान सारखे आहेत पण मधे फारसं काही नाही. तिथून वरच्या मजल्यावर गेलो. वरच्यांच्या न्हाणीघराचं पाणी माझ्या स्वयंपाकघरात झिरपतं, ओट्यावर मी त्यासाठी पातेलं ठेवलेलं आहे. दार वाजवलं, शक्य तेवढ्या उर्मटपणे म्हटलं, गळतंय. त्या बाई म्हणाल्या, अगंबाई, फार गळतंय का? म्हटलं, नाही नाही, फार नाही, पातेलं पुरतं. त्यांनी मला आणखी एक पातेलं दिलं. चांगलं जाड बुडाचं आहे.

रविवारी साक्षीदार उभा राहिला नाही तर मी यंत्र ठरणार. तसं ठरलं तर काय, याचा मी विचार करून पाहिला. गिऱ्हाईक आलं की आधी सांगायचं, नमस्कार, मी यंत्र आहे, किल्ली कसली हवी? तेवढं जमेल, खोटं वाटलं तरी जमेल. मत जाईल, तर त्याचं मी असं काय सोनं केलं होतं. पण यंत्राची हरकत धरत नाहीत, अक्का. माझी हरकत रद्द झाली की दुसऱ्या कोणाची आलेली नाही, महिना भरतो आहे, आणि चौकसचं मौन कायमचं होणार. त्याची खुर्ची तिथून उचलून नेणार. मला रात्रंदिवस तेच दिसतं. तो डबा भिंतीकडे तोंड करून बसलेला, आणि इकडे आत्या आमच्या डब्यापुढे, तीही तशीच. काल ती मला म्हणाली, मी फार बोलते म्हणून सगळे गप्प होतात का रे? मी पहिल्यांदा हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. ताट उचललं आणि आत गेलो. भीती म्हणजे काय ते मला आजवर माहीत आहे असं वाटत होतं, पण ती सगळी नुसती रंगीत तालीम होती.

असो. तुला उगाच काळजी लावली. काळजी करू नकोस, मी करतोच आहे. घरातल्या मोठ्यांना नमस्कार, लहानांना पाहिजे ते.

तुझा,
धाकटा

ता.क. दाजींनी कपाटाच्या किल्लीची जोड मागितली होती ती सोबत घातली आहे. पहिले काही दिवस जरा डावीकडे दाबून फिरवावी. फिरली नाही तर कळवावं, आणि फिरली तरी कळवावं, मला चैन पडणार नाही.

ता.क. २. मूळ विनंती लिहायची राहिलीच. रविवारी तू येशील का? साक्षीला. बहीण चालते, भांडण खरं असलं तर. आपलं कधीच भांडण झालेलं नाही हे मला माहीत आहे, मी कैक वर्षं आठवून पाहिलं. तेव्हा एवढंच कर, माझ्या कुठल्यातरी गोष्टीवरून मनापासून चीड. कशावरून ते तूच निवड. जे निवडशील ते मला चालेल.

ता.क. ३. वरचं लिहून पाकीट शोधत होतो तर आत्याने विचारलं, कोणाला लिहितोयस? म्हटलं, अक्काला. म्हणाली, वाच. आता मला नाही म्हणता येत नाही हे तू वरती वाचलंच आहेस. वाचलं, सगळं, पहिल्या नमस्कारापासून. ती मधे एकदाही बोलली नाही, तेव्हाच मी ओळखलं. मग म्हणाली, "म्हणजे ते रुसलं नव्हतं." मी म्हटलं, नाही. "आणि तू दाबलंस." हो. "आणि मला तिकडे नेऊन सोडायलाही तूच हो म्हणालास. मला न विचारता." मी पुन्हा पाकीट शोधू लागलो. ती म्हणाली, "दोन्ही वेळा अंगठा तुझाच का रे?" अक्का, शपथेवर सांगतो, या दोन गोष्टी एकच आहेत हे तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मग ती जे बोलली ते इथे लिहिता येण्यासारखं नाही, पण खालचा दंतवैद्य पुन्हा वर आला. त्याच्यादेखत तिने सांगितलं की रविवारी माझी खुर्ची ठेवायला सांग, माझं याच्याशी उभं भांडण आहे आणि ते मी भरसभेत सांगणार आहे. वर म्हणाली, हा माणूस आहे याची मला खात्री आहे, कारण यंत्राने निदान एक प्रश्न तरी विचारला असता. आता ती खुर्ची भिंतीकडे फिरवून बसली आहे. मात्र जेवली. दोनदा मागून घेतलं, माझ्याकडे न बघता. (बघता येत नाही तिला, पण तरीही न बघता.)

ता.क. ४. तेव्हा तू येऊ नकोस, साक्षीदार मिळाला. वृद्धाश्रमातली खोली रद्द कर. तुझ्या मागच्या पत्राला मी जो होकार दिला होता, तो मी पत्र वरवर चाळून, न वाचल्यासारखाच दिला होता. आता ते पत्र नीट वाचलं. अमान्य. कारण: आत्या कुठेही जाणार नाही, ती मला इथे हवी आहे. नाव: तुझा धाकटा भाऊ, होयबा किल्लीवाला. हे एवढं दाजींना आणि घरात जे कोणी असतील त्यांना गोळा करून, माझ्या नावासकट, मोठ्याने वाचून दाखव.